राखायचा की मोडायचा?

उसाची तोड संपून टोळी पुढच्या फडात गेली, की मोकळं झालेलं रान पाहायला शेतकरी एकटाच जातो. काठीनं पाचट बाजूला सारतो, बुडखा जमिनीबरोबर तुटलाय की वर खोड राहिलंय ते पाहतो आणि दोन पावलं पुढं सरकतो. सरीत बेटं सलग असली की पाऊल भरभर पडतं. तुटाळ दिसली की थांबतो, मागं वळून बघतो, मनाशी मोजतो. माझे चुलते असे दोन एकरांतून सरीसरीनं फिरायचे आणि बांधावर येऊन एकच शब्द बोलायचे. ‘राखू’ किंवा ‘मोडू’. राखायचा ठरला तर बुडखे छाटून, पाचट सरीत दाबून पाणी सोडायचं. मोडायचा ठरला तर नांगर घालून हरभरा नाहीतर गहू करायचा.

खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस, मोडला म्हणून कुणाला कधी मान खाली घालावी लागली नाही. लागणीला एवढा खर्च केला आणि आता मोडता कसा, असंही कुणी विचारत नाही. लागणीचा खर्च गेल्या उसाबरोबर काट्यावर गेला. आता प्रश्न असतो तो समोरच्या बुडख्यांचा.

उसाला आपण हा प्रश्न न चुकता विचारतो, आपल्या ध्येयांना मात्र विचारत नाही. एकदा धरलं ते तडीस न्यायचं, मध्येच सोडणारा कच्च्या दिलाचा, अशी आपली पक्की समजूत आहे. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत वाढलेल्या मला ही समजूत फार महाग पडताना दिसते, रानालाही आणि घरालाही. माझं म्हणणं असं, की ध्येयही खोडव्यासारखं तपासावं. त्यावर आजवर काय खर्च झाला याकडे पाहू नये. ते ज्या गरजेपोटी धरलं, ती गरज अजून जिवंत आहे का आणि या ध्येयानं ती भागते आहे का, हे पाहावं.

आमच्याकडचं सगळ्यात मोठं ध्येय एका आकड्यात मावतं. एकरी शंभर टन. राज्यात उसाचं सरासरी उत्पादन एकरी पस्तीस टनांच्या आसपास फिरतं. तिथं शंभर टन काढणं हे खरोखरच कसबाचं काम आहे. बेण्याची निवड, सरीची रुंदी, ठिबक, वेळेवरची बांधणी आणि भरणी, दीड वर्ष रोज रानात चक्कर, एवढं सगळं जुळावं लागतं. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट जास्त उत्पादन काढणाऱ्यांना दरवर्षी ऊसभूषण पुरस्कार देते, त्या मानकऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण शंभर टन कशासाठी, हा प्रश्न चावडीवर विचारला की माणसं क्षणभर गप्प होतात. उत्तर इतकं उघड वाटतं, की आजवर कुणी मोठ्यानं ते म्हणून पाहिलेलंच नसतं. जास्त टन म्हणजे जास्त पैसे.

तसं असतंच असं नाही. केंद्र सरकारनं २०२५-२६ च्या हंगामासाठी साखरेच्या १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) ठरवली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. हिशेबाच्या सोयीसाठी हातात टनाला ३,००० येतात असं धरू. एकरी ६० टन निघाला तर १ लाख ८० हजार आले. खर्च ९० हजार धरला तर ९० हजार उरले. खत, पाणी, मजुरी वाढवून ऊस ८० टनांवर नेला, त्यासाठी ३० हजार जादा घातले. २० टनांचे ६० हजार वाढले, म्हणजे उरले १ लाख २० हजार. इथवर ध्येय शेतकऱ्याच्या बाजूनं आहे. आता ८० वरून १०० वर जायचं. शेवटचे वीस टन पहिल्या वीस टनांसारखे स्वस्तात येत नाहीत. जादा डोस, फवारण्या, पडलेला ऊस उभा करायची मजुरी, आळवण्या यांवर समजा ६५ हजार गेले. आले ६० हजार. फलकावर शंभर टन लागलं आणि घरात पाच हजार कमी आले.

हे आकडे मी धरलेले आहेत, ज्यानं त्यानं आपल्या वहीतले घालावेत. ज्याचं रान निचऱ्याचं आहे, पाणी खात्रीचं आहे, घरातली चार माणसं रानात राबतात, त्याला शेवटचे वीस टनही फायद्याचे ठरतील. त्यानं जरूर शंभर काढावेत. पण शेजाऱ्याच्या काळ्या, निचऱ्याच्या रानाचं ध्येय आपल्या चोपण रानावर आणून लावलं, तर ते ध्येय राहत नाही, ते ओझं होतं. किती खर्चानंतर पुढचा टन परवडत नाही, ती जागा प्रत्येक रानात वेगळी आहे. ती शोधणं हे शंभर टन काढण्याइतकंच कसबाचं काम आहे. त्याला फलक मिळत नाही, एवढाच फरक.

टन हे मोजमाप होतं. संसार नीट चालावा, कर्ज फिटावं, रान पुढच्या पिढीला धड मिळावं, या गरजा होत्या. मोजमाप कधी गरजेच्या जागी येऊन बसलं, ते कळलंच नाही. आमच्या मुलखात असं पहिल्यांदा घडतंय असंही नाही. आमचा कालवाच त्याचा साक्षीदार आहे.

१८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानं दख्खन होरपळली. त्यानंतर १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि मागोमाग वेळवंडीवर भाटघरचं धरण उभं राहिलं. पुन्हा तशी उपासमार नको, पाऊस दडी मारून बसला तरी ज्वारी-बाजरी पदरात पडावी, हा त्या कालव्यामागचा मोठा हेतू होता. पण पावसाच्या वर्षी भुसार पिकाला कुणी पाणी घेईना, आणि बारमाही पाणी घेऊन पाणीपट्टी भरणारं पीक होतं ऊस. कालव्याला महसूल हवा होता, शेतकऱ्याला पैसा. दोघांचं जमलं. दुष्काळ टाळायला काढलेला पाट बघता बघता उसाचा पाट झाला. तसा ठराव कुणी केला नव्हता. हेतू बदलला तेव्हा तो बदलतोय असं कुणी म्हणालं नाही, म्हणून त्यावर चर्चाही झाली नाही.

त्याचा हिशेब जमिनीनं मांडला. पाटाखालच्या काळ्या रानात पाणी मुरत गेलं, खालची पातळी वर आली आणि तिच्याबरोबर क्षारही वर आले. ज्यानं असं रान पाहिलं नाही, त्यानं उन्हाळ्यातल्या सकाळी जाऊन पाहावं. दुधावर साय धरावी तसा ढेकळांवर पांढुरका थर धरलेला असतो. बोटानं उचलून जिभेला लावला तर खारट-तुरट लागतो. पावलाखाली वरचं कवच कटकन मोडतं आणि आत चिकट ओल लागते. तिथं उगवलेला ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडतो. पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी व्ही. ए. ताम्हाणे यांच्याबरोबर नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर अभ्यासाची पुस्तिका काढली ती १९१० मध्ये. कालवा सुरू होऊन तेव्हा पंचवीस वर्षंच झाली होती. आज एकशे चाळीस वर्षं झाली, आणि बारामती-इंदापुरात पाणथळ आणि चोपण रानांची गोष्ट अजून चालू आहे.

त्याच काळात आणखी एका माणसानं उसाच्या ध्येयाला प्रश्न विचारला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्यात इंजिनिअर होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. लाभक्षेत्राचे ब्लॉक पाडायचे, ब्लॉकच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात ऊस, बाकीच्यात दुसरी पिकं, आणि ही फेरपालट चालू ठेवायची. पाणी एकाच गावात, एकाच पिकात न मुरता जास्त गावांना पोचावं आणि जमीनही बिघडू नये, हा त्यामागचा विचार. त्यांनी ऊस बंद करा म्हटलं नाही. ऊस किती आणि कुठवर, हे विचारलं. ध्येय तपासणं म्हणजे ध्येयाशी वैर नव्हे, हे या एका व्यवस्थेवरून कळावं.

‘कुठवर’ हा प्रश्न सोडून दिला, की त्याची किंमत बहुधा दुसराच कुणीतरी भरतो. आमच्या दोन्ही तालुक्यांत वर्षाचा पाऊस साधारण पाचशे मिलिमीटर, म्हणजे अर्धा मीटर. अडसाली उसाला पाटपाण्यानं सोळा-अठरा महिन्यांत तीन मीटरच्या आसपास पाणी लागतं. ही तफावत कुठून तरी भरून काढावी लागते, आणि ती बहुतेकदा शेपटाकडच्या माणसाच्या पाळीतून निघते. कालव्याच्या शेवटाला असलेल्या इंदापूरच्या बावीस गावांचा पाणीप्रश्न म्हणून जो दर निवडणुकीत ऐकू येतो, त्यामागं हेच आहे. बारामतीतच सुपे, मोरगाव, लोणी भापकरचा जिरायती पट्टा टँकरकडे डोळे लावून बसतो, आणि तिथून तासाभराच्या वाटेवर पाटाखालचा ऊस डोक्यावर गेलेला असतो. माझं शंभर टन माझ्या बांधावर संपत नाही. त्याचं दुसरं टोक खालच्या चारीवर आहे.

इंदापूरच्या उत्तरेला उजनी धरणाचं पाणी पसरलं आहे. १९८० मध्ये धरण पुरं झालं. पळसदेवसारखी गावं पाण्यात गेली. पाणी उतरलं की तिथलं जुनं देऊळ आजही उघडं पडतं. ज्यांची रानं गेली, त्यांतल्या कित्येकांनी काठावर मोटारी बसवून पुन्हा ऊस केला. ती जिद्द मी कमी लेखत नाही. पण ११७ टीएमसीच्या या धरणात जवळपास ६३ टीएमसी मृतसाठाच आहे, आणि अवर्षणाच्या वर्षी उजनी मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात, जाते. तेव्हा काठावर एक दृश्य दिसतं. पाणी मागं सरकतं, तशी मोटार पुढं सरकवायची. आणखी दोन पाइप, आणखी शंभर फूट केबल. पंधरा दिवसांनी पाणी पुन्हा मागं, पुन्हा दोन पाइप. चिखलात गुडघाभर उतरून पाइप जोडणाऱ्या एका शेतकऱ्याला मी विचारलं, ‘हे कुठवर?’ तो म्हणाला, ‘एवढं घातलंय, आता सोडून कसं चालंल?’

हे वाक्य मी नंतर फार ठिकाणी ऐकलं. तोट्यातल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये, तेल्या रोगानं गेलेल्या डाळिंबाच्या बागेत, न चालणाऱ्या दुकानात. माणूस पुढचे दोन पाइप आजच्या पाण्याकडे बघून जोडत नाही, मागच्या वीस पाइपांकडे बघून जोडतो. त्याचं दुःख मला कळतं, कारण त्या वीस पाइपांत त्याची दोन वर्षं आहेत. पण तोच माणूस खोडवा बघताना असं करत नाही. तिथं तो शहाणा असतो. ते शहाणपण त्याच्याजवळ आहेच, फक्त ते रानाबाहेर काढायचं आहे.

यावर एक हरकत रास्त आहे. अशी चिकित्सा करत बसलो असतो तर बारामती घडली असती का? हा मुलूख हट्टी माणसांनी उभा केला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जिरायती गावांत कामाच्या बदल्यात धान्य देऊन पाझर तलाव खोदले गेले. १९७१ मध्ये कृषी विकास प्रतिष्ठान निघालं, आप्पासाहेब पवारांनी त्यासाठी जन्म वाहिला. संकरित गाई आल्या, दूध आलं, द्राक्षं आली. इंदापूरच्या बोरीची द्राक्षं परदेशात जातात, ती काय शंका काढत बसल्यानं?

मला वाटतं, या हरकतीतच उत्तर आहे. त्या माणसांचा हट्ट कशाचा होता, ते बारकाईनं पाहावं. गावात पडलेलं पाणी गावात थांबावं आणि माणसाला घर सोडून जावं लागू नये, हा हट्ट होता. तलाव हा मार्ग होता, गाय हा मार्ग होता, द्राक्षाचा मांडवही मार्गच होता. एक मार्ग पुरला नाही तर दुसरा धरला. गरज घट्ट धरली आणि साधन सैल ठेवलं. आपण आता उलट करू लागलो आहोत, साधन घट्ट धरतो आणि गरज निसटून जाते.

इंदापूर तालुक्यातच याचा आणखी मोठा दाखला आहे, वालचंदनगर. वालचंद हिराचंद यांनी गेल्या शतकात कळंबच्या माळावर ऊस आणि साखर कारखाना उभा केला. साखर करता करता साखर कारखान्यांची यंत्रं बनवायला सुरुवात झाली, मग सिमेंटची, मग आणखी अवघड यंत्रं. आज तिथल्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांचे भाग बनतात. पहिल्या ध्येयाला चिकटून बसले असते तर तिथं आज फार तर एक जुना साखर कारखाना दिसला असता. साखर हेच ध्येय आहे की या देशात मोठं काम उभं करता येतं हे दाखवायचं आहे, हा प्रश्न तिथं कुठल्यातरी वळणावर कामातूनच विचारला गेला असणार.

आता बारामतीत उसाला कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड मिळते आहे. कृषी विकास प्रतिष्ठाननं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सोबतीनं हे काम हाती घेतलं. रानात सेन्सर, वर उपग्रह, मोबाइलवर रोजचा सल्ला, आज किती पाणी, कुठल्या भागात खत कमी. मला याचा आनंद आहे, कारण वाया जाणारं पाणी आणि खत यानं वाचू शकतं. पण याच साधनाला दोन वेगळ्या गोष्टी सांगता येतील. ‘शंभर टन काढून दे’ असं सांगता येईल, किंवा ‘या रानातून कमीत कमी पाण्यात, रान न बिघडवता, घरात जास्तीत जास्त काय उरेल ते सांग’ असंही. साधन दोन्ही कामं मन लावून करील. काय सांगायचं हे बांधावर उभ्या माणसानंच ठरवायचं आहे.

रानाचं बोललो, आता घराचं. आमच्याकडं उसाच्या बिलातून दोन गोष्टींचे पैसे बाजूला निघतात, सोसायटीचा हप्ता आणि पोराचा पुण्याचा खर्च. पोरगा पेठेत खोली घेऊन राहतो, अभ्यासिकेत जागा धरतो, मेसचा डबा खातो आणि राज्यसेवेची तयारी करतो. अर्ज लाखांनी येतात, जागा शेकड्यांत. २०२३ मध्ये वर्णनात्मक पद्धतीवरून पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली आणि ती पद्धत २०२५ पासून लागू करायचं ठरलं. चार वर्षं एका पद्धतीनं तयारी केलेल्यांना पुन्हा पहिलीपासून बसावं लागलं. आणि घरून फोन जातो तो हाच, ‘एवढी वर्षं दिलीस, अजून एक अटेम्प्ट दे.’ उजनीच्या काठावरचे दोन पाइप ते हेच.

माझा एक पुतण्या चौथ्या वर्षी दिवाळीला घरी आला होता. सगळे झोपल्यावर ओट्यावर बसलो होतो. मी विचारलं, ‘तुला अधिकारी का व्हायचंय?’ तो म्हणाला, ‘सगळ्यांना वाटतंय म्हणून, काका.’ मग बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘आज्जीच्या वारसनोंदीला आण्णांनी किती खेटे घातले आठवतंय? ते मला बघवत नव्हतं. तेव्हा वाटलं होतं, त्या खुर्चीत आपण बसावं.’ चार वर्षांत हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. परीक्षेच्या पुस्तकांखाली ते दबून गेलं होतं. त्या रात्री त्यानं परीक्षा सोडली नाही. पण तारीख ठरवली, आणखी दोनच प्रयत्न, आणि तोवर शनिवार-रविवार गावी येऊन लोकांचे फेरफाराचे, दाखल्यांचे अर्ज लिहून द्यायचे. तो ते करतो आहे. निकाल काय लागेल मला माहीत नाही. मात्र त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला आहे, हे त्याच्या आईनंही पाहिलं.

म्हणून मला वाटतं, प्रत्येक मोठ्या ध्येयाच्या रानातून वर्षातून एकदा काठी घेऊन फिरावं. पाचट बाजूला सारावं, म्हणजे लोकांचं कौतुक, स्वतःची सवय, शेजाऱ्याशी लागलेली चढाओढ बाजूला करावी. मग बुडखा पाहावा, ज्या गरजेपोटी हे धरलं ती अजून हिरवी आहे का. तुटाळ मोजावी, या ध्येयापायी काय काय मरून गेलं, झोप, तब्येत, भावाशी बोलणं, जमिनीचा पोत. पाण्याचा अंदाज घ्यावा, इथून पुढं लागेल ते माझ्याजवळ आहे का, आणि नसेल तर कुणाच्या पाळीतून येणार. शेवटी हे मोडलं तर याच रानात दुसरं काय येईल, ते ठरवावं. दुसरं काही डोळ्यांपुढं नसताना नुसतं मोडणं हाही तोटाच.

आणि हे विचारायची वेळ असते. उभ्या उसात कुणी राखू-मोडू करत नाही. रोज उठून ध्येयावर शंका घेणारा माणूस कुठलंच पीक घेऊ शकत नाही. अडसाली लागण केली की सोळा महिने निष्ठेनं राबायचं. प्रश्न दोन वेळा विचारायचा, लागणीआधी आणि तोडीनंतर.

चुलत्यांच्या खालच्या पट्टीला वर्षानुवर्षं लागण, खोडवा, पुन्हा लागण असं चाललं होतं. एका वर्षी तोडीनंतर ते फिरून आले तेव्हा फुटवे बरे होते, तुटाळ थोडी होती. सगळ्यांना वाटलं, राखणार. त्यांनी ढेकूळ उचलून आम्हाला दाखवलं, त्यावर पांढरी झाक होती. म्हणाले, ‘मोडू.’ निचऱ्याला चर खोदला, पावसाळ्यात धैंचा पेरला, कमरेएवढा झाल्यावर रानातच गाडला. चौकातली माणसं विचारायची, एवढा चांगला ऊस मोडला? ते समजावत बसायचे नाहीत. तिसऱ्या वर्षी त्या पट्टीत गहू आला, मग सोयाबीन, आणि त्यानंतर पुन्हा ऊस. किती टन निघाला ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्या वर्षी नांगरट झाल्यावर त्यांनी मला हाक मारून एक ढेकूळ हातात दिलं. मी दाबलं तर ते भुसभुशीत होऊन बोटांतून खाली गेलं.